ग्याय

"बाई, कुंपणापलीकडे ते चरतंय ना, त्याला काय म्हणतात हो?"

प्रश्न ऑर्लीना टॅकेटने विचारला, पण तो तिचा नव्हताच. तो मॅल्व्हिना हॅस्केटच्या डोक्यातून निघाला होता आणि त्यावर मॅल्व्हिनाची हिरवी रेशमी रिबन पैजेला लागली होती. "विचारून दाखव," मॅल्व्हिना मधल्या सुट्टीत म्हणाली होती, "नाहीतर तुझं सगळं शौर्य पाठ केलेल्या भाषणापुरतंच." हे ऑर्लीनाला झोंबलं. वसंतातल्या मेळ्यात तिने सगळ्या गावासमोर भाषण केलं, एकदाही अडखळली नाही, आणि तेव्हापासून आपल्याला काहीही जमतं असं तिला वाटायला लागलं होतं. पंधरा वर्षांच्या मुलीला असं वाटायला लागलं की तिला थांबवणं उधळलेल्या घोड्याला थांबवण्याहून कठीण.

मिस कोलबर्न त्या वेळी एका चिमुरडीच्या बोटात घुसलेलं कुसळ काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते जनावर आहे, ऑर्लीना."

"जनावर तर मॅल्व्हिनाचा भाऊपण आहे, बाई."

वर्ग खिदळला. मॅल्व्हिनाने पाठीत चिमटा काढला.

"दुभतं जनावर," बाई म्हणाल्या.

हेच! पोरींनी हेच हेरलं होतं. शाळा सुरू झाल्यापासून बाईंनी त्या जनावराचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. वाचनाच्या पुस्तकात त्याचं पान आलं की त्या दुसऱ्या कुणाला तरी उभं करत. दूध आवडायचं, लोणी आवडायचं, पण ते देणारी नेहमी "दुभतं जनावर".

"पण नाव काय त्याचं, बाई? माझ्या बहिणीला शिकवायचंय."

"तुला बहीण नाही!" कुसळ मोडलं, चिमुरडीने भोकाड पसरलं, आणि बाईंचा तोल गेला. "अगं ग्याय आहे, ग्याय! डोळे नाहीत का तुला?"

मग शाळेचं छप्पर उडेल असा हशा उसळला. मुली बाकांवर लोळल्या. ऑर्लीना सगळ्यात मोठ्याने हसली, कारण रिबन तिची झाली होती. हसता हसता तिने बाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता, आणि त्या चिमुरडीचं बोट धरून तशाच उभ्या होत्या.

मिसूरीत गाय म्हणजे गाय. उत्तरेकडचे, बर्फातले लोक मात्र तिला ग्याय म्हणतात. कितीही शिकले, कितीही दक्षिणी कपडे घातले, तरी गायीपाशी त्यांची जीभ वाकडी होतेच. म्हणून तर नदीवर तराफा चालवणाऱ्या ऑर्लीनाच्या बाबांनी घाटावर रूबीला बांधलं होतं. रूबी म्हणजे तांबडी, एका शिंगाची, अतिशय शांत गाय. नदीपलीकडे कॅन्सस. तिथे गुलाम ठेवायचे की नाहीत हे तिथल्या रहिवाशांनी मत देऊन ठरवावं असं सरकारने सांगितलं आणि सगळ्या देशाचं लक्ष त्या गवताळ माळाकडे गेलं. उत्तरेतून गुलामगिरीच्या विरोधातले मुक्तीवाले गाड्या भरभरून यायला लागले. इकडून मिसूरीचे पुरुष मतदानाच्या दिवशी तराफ्याने पलीकडे जायचे, एका दिवसापुरते तिकडचे व्हायचे, मत टाकून संध्याकाळी घरी जेवायला यायचे. आणि बाबांच्या तराफ्यावर चढणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला रूबीसमोर उभं करून विचारलं जायचं, हे काय आहे? गाय म्हणाला तर चढ. ग्याय म्हणाला तर घाटावरचे लोक त्याची सोय बघायचे. गेल्या महिन्यात एका माणसाची डांबर आणि पिसं लावून सोय बघितली होती. ऑर्लीनाला त्या दिवशी घरात बसवलं होतं, पण वास आला होता.

तरी हे आणि ते यांचा संबंध तिच्या डोक्यात जुळला नाही. बाई म्हणजे बाई. त्या टॅकेटांच्याच घरी माडीवर राहायच्या, केंटकीच्या म्हणून आल्या होत्या, तीस गुलाम बाळगणाऱ्या मामाच्या गोष्टी सांगायच्या. बाईंना कोण काय करणार?

केसांत हिरवी रिबन बांधून ती उड्या मारत घरी आली आणि थेट स्वयंपाकघरात शिरली. टेम्पी ताक घुसळत होती. टेम्पी तिच्याहून वर्षाने मोठी, लहानपणापासून तिच्या पलंगाशेजारी जमिनीवर झोपणारी, टॅकेटांच्या मालकीची. घरातली पहिली बातमी नेहमी टेम्पीलाच मिळायची.

"टेम्पी, ऐक ना! आज बाईंची काय फजिती केलीय मी!" आणि तिने सगळं साभिनय करून दाखवलं. कुसळ, भोकाड, आणि शेवटी कमरेवर हात ठेवून, नाकातून, "ग्याऽऽय!"

रवी थांबली.

"हस ना गं."

"कोण कोण होतं, मिस ऑर्लीना?"

"सगळे. मॅल्व्हिना तर पोट धरून—"

"कर्नल हॅस्केटांची मॅल्व्हिना?"

"दुसरी कुठली आहे? अगं, तुला झालंय काय?"

टेम्पीने रवी सोडली. हात पुसले. दाराबाहेर डोकावून आली. मग ऑर्लीनाच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली, आणि आजवर कधीच केलं नव्हतं ते तिने केलं. तिने तिला अरेतुरे केलं.

"काय केलंस तू?"

ऑर्लीनाला आधी राग यायला हवा होता. आला नाही. टेम्पीचे ओठ थरथरत होते.

"उद्या सकाळी मी बाईंबरोबर पलीकडे जाणार आहे. कापड आणायला."

"हो, बाबांनी परवानगी दिलीय. मग?"

"मी परत येणार नाहीये."

ताकाच्या डेऱ्यावर एक माशी बसली, उडाली, पुन्हा बसली. ऑर्लीनाला तेवढंच दिसत होतं.

"सोमवारच्या बोटीने व्यापारी येतोय मला न्यायला," टेम्पी म्हणाली. "खाली, न्यू ऑर्लीन्सला. तुला माहीत होतं की नाही?"

माहीत होतं. म्हणजे, दाराआडून ऐकलं होतं. बाबा आईला सांगत होते की पलीकडे मुक्तीवाल्यांची वस्ती झाली की नदीकाठचा एकही तरणा गुलाम घरात टिकणार नाही, एका रात्रीत पोहून जाईल, त्यापेक्षा आत्ताच विकलेला बरा. सगळेच विकताहेत. आई म्हणाली होती, चांगलं घर बघा. आणि ऑर्लीनाने स्वतःची समजूत घातली होती की चांगलं घर बघतील.

"माझ्या आईला नेलं तेव्हाही तुम्ही असंच म्हणाला होतात," टेम्पी म्हणाली. तिने विचार ऐकले की काय कोण जाणे. "चांगल्या घरी जातेय म्हणून. आणि तू मला गप्प करायला रिबन दिली होतीस. निळी. मला वाटलं, ती बाई केंटकीची आहे असं समजतायत तोवर मी तिची मोलकरीण म्हणून निघून जाईन. रूबीच्या समोरून. तुझे बाबा स्वतः हात देऊन चढवतील." ती हसली, ते हसणं बघवत नव्हतं. "आता हे तू जाऊन बापाला सांगू शकतेस. जा. आणखी एक रिबन मिळेल."

ऑर्लीनाने केसांतली रिबन ओढून काढली. कुठे ठेवावी कळेना, म्हणून मुठीत धरली.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. आवाज भाषणातला नव्हता.

सांगायची गरजही उरली नव्हती. अंगणात घोडा थांबला होता.

कर्नल हॅस्केट ओसरीवर आले की खुर्ची त्यांच्याखाली आपोआप यायची. कुठल्याही पलटणीत ते कर्नल नव्हते. घाटावरच्या पुरुषांचे म्होरके होते, तेवढं पुरत होतं. लेमुएल प्रुइट हा जन्माने मिसूरीचाच दुकानदार, पण त्याने एका मुक्तीवाल्याला कुऱ्हाड विकली एवढ्यावरून त्याचं सगळं दुकान पिंपांसकट नदीत गेलं होतं. तेही कर्नलांनी खुर्चीत बसूनच करवलं होतं.

"बरेल," ते बाबांना म्हणाले, "तुझ्या पोरीने आज कमाल केली. जे मला सहा महिने जमलं नाही ते तिने एका प्रश्नात केलं. तुझ्या माडीवर साप राहतोय."

बाबा हसले. "बाई? अहो, त्यांच्या मामाकडे तीस माणसं आहेत."

"मामा पाहिलायस?"

बाबांनी माडीकडे पाहिलं.

"मॅल्व्हिना खोटं बोलतेय!" ऑर्लीना दारातूनच ओरडली. "बाई गायच म्हणाल्या. मी ग्याय म्हटलं, चिडवायला. पैज हरली म्हणून ती असं सांगत सुटलीय."

कर्नलांनी तिच्याकडे पाहिलं. मग मुठीतून लोंबणाऱ्या हिरव्या रिबनीकडे पाहिलं.

"पैज हरली. म्हणजे तू जिंकलीस. बाई गाय म्हणाल्या तर तू कशी जिंकलीस, पोरी?"

ऑर्लीनाने रिबन पाठीमागे लपवली.

"असू दे," कर्नल उठत म्हणाले. "भांडण कशाला? उद्या बाई पलीकडे जातायतच ना? रूबी ठरवेल. बाई गाय म्हणाल्या तर मी सगळ्यांसमोर टोपी काढून माफी मागेन. पलीकडे बंदुका यायला लागल्यात, बरेल, पुस्तकांच्या पेट्यांत घालून. हे आता मतांवर मिटत नाही. रक्तावर मिटणार. तेव्हा कोण कुठल्या बाजूचं, हे आत्ताच कळलेलं बरं. तुझंही."

शेवटचा शब्द त्यांनी घोड्यावर बसता बसता, अगदी सहज टाकला. घोडा दिसेनासा होईपर्यंत बाबा ओसरीवर उभे राहिले.

दूध काढायच्या वेळी तिघी गोठ्यात जमल्या. टेम्पी चरवी घेऊन बसली, म्हणजे कुणी डोकावलं तर धार वाजत राहावी. मिस कोलबर्न डोकेदुखीचं निमित्त करून मागच्या जिन्याने आल्या होत्या. त्या ऑर्लीनाला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाई, तुम्ही आत्ता निघून जा. खालच्या वाटेने," ऑर्लीना म्हणाली.

"मी जाऊ शकते," बाई म्हणाल्या. "टेम्पी जाऊ शकते का?"

टेम्पीने धार काढणं थांबवलं नाही.

"मग शिकवते मी तुम्हाला," ऑर्लीना म्हणाली. "म्हणा. गाय."

"ग्याय."

"गा. य."

"ग्या—" बाईंनी स्वतःच्या तोंडावर हात मारला. "केंटकीत दोन वर्षं शिकवायला होते. सगळं उचललं. जेवण, चालणं, हसणं. बाकीचे शब्द जपून बोलता येतात, हे एवढंच गळ्यात अडकलंय. आमच्या व्हरमाँटच्या घरी पाच होत्या. बोलायला लागले तेव्हापासून त्यांना हाका मारलेल्या. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला आहे, आणि ते नेमकं तिथे आहे."

"तुम्ही दात ओढून धरता, म्हणून होतं. थंडीतली माणसं तुम्ही, तोंड उघडायची भीती वाटते. जबडा सोडा. असा. आळस आल्यासारखा. आमच्याकडे शब्दाला घाई नसते, तो झुल्यावर बसून येतो."

"ग्गाय."

"अर्धी आली! शेपूट राहिलं!"

टेम्पीला हसू फुटलं. तिने चेहरा गाईच्या पोटाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. बाईही हसल्या. गोठ्यात एक क्षण असा गेला की जणू तिघी मैत्रिणी आहेत. मग टेम्पीचे खांदे हलतच राहिले आणि त्या दोघींच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये.

"परत म्हणा," टेम्पी गाईच्या पोटाआडून म्हणाली. "बाई, देवासाठी परत म्हणा."

त्यांनी परत म्हटलं. ऑर्लीनाने कधी बाईंच्या गालावर बोट दाबलं, कधी हनुवटी धरून खाली ओढली, जसं बाई लहान मुलींना धडे देताना करत. आधी चुकूनमाकून आलं, मग अधूनमधून, मग चरवी भरून वर फेस आला तेव्हा बाई ओळीने म्हणत होत्या, गाय, गाय, गाय, आणि खरी गाय मान वळवून त्यांच्याकडे बघत होती. ऑर्लीनाचा जीव भांड्यात पडला. खरं तर थोडा अभिमानच वाटला. बिघडवलं मीच, पण दुरुस्तही मीच केलं! झोपताना तिने हात खाली सोडला. टेम्पीने तो धरला नाही, पण ढकललाही नाही.

सकाळी घाटावर अख्खं गाव लोटलं होतं. नदी वितळलेल्या बर्फाने फुगलेली, मातकट, मोठमोठी झाडं उलटीपालटी करत चाललेली. रूबी खांबाला बांधलेली, रवंथ करत. मॅल्व्हिना बापाच्या शेजारी नवं बॉनेट घालून उभी होती, आणि ऑर्लीनाकडे बघत नव्हती. बाबांनी घोडागाडी तराफ्याच्या तोंडाशी आणून लावली होती. टेम्पी कापडाची रिकामी टोपली घेऊन गाडीपाशी. तिने अंगात दोन झगे घातले होते, एकावर एक. ऑर्लीनाला ते दिसलं आणि इतर कुणाला दिसू नये म्हणून ती तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सुप्रभात, मिस कोलबर्न," कर्नल म्हणाले. "एक क्षुल्लक प्रश्न. पोरींचं भांडण मिटवायचंय. हे काय आहे?"

बाईंनी हातमोजे सारखे केले. रूबीकडे पाहिलं. आळस आल्यासारखा जबडा सैल सोडला.

"कर्नल, तुमच्यासारख्या माणसाला ओळखता येत नाही म्हणजे कमालच झाली," त्या म्हणाल्या. "गाय."

शब्द अगदी झुल्यावरून उतरला. मिसूरीच्या मातीत लोळलेला, मऊ, सैल, अस्सल. कुणीतरी हसलं. बाबांनी सोडलेला श्वास ऑर्लीनाला ऐकू आला. कर्नलांनी हळूहळू, नाइलाजाने, डोक्यावरची टोपी काढली, आणि घाटावर टाळ्या पडल्या. ऑर्लीनाला ओरडावंसं वाटत होतं. जमलं! तिने मागे हात करून टेम्पीची बोटं धरली. या वेळी टेम्पीने ती घट्ट आवळली.

बाईंचा चेहरा आनंदाने फुलला होता. घसा मोकळा झाला होता. भीती गेली आणि भीतीबरोबर सावधपणाही गेला. त्या वळल्या, टेम्पीला म्हणाल्या,

"चल गं, ग्याडीत बस."

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग आलं.

त्यांनी एकच शब्द गिरवला होता. बाकीची भाषा तशीच होती.

"काय म्हणालात?" कर्नलांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. "कशात बस?"

बाईंचा हात तोंडाकडे गेला. ऑर्लीनाला वाटलं आपण काहीतरी बोलावं. मेळ्यात सगळ्या गावासमोर बोललो होतो आपण, काहीही बोलावं, आग लागली म्हणावं, पोर बुडालं म्हणावं. तिच्या तोंडून हवासुद्धा निघाली नाही. बाबांनी गाडीपाशी जाऊन टेम्पीच्या दंडाला धरलं. ओढताना वरचा झगा खांद्यावर फाटला आणि खालचा दिसला. बाबा त्या दुसऱ्या झग्याकडे बघत राहिले. मग त्यांना सगळं समजलं. टेम्पी ओरडली नाही. तिने फक्त ऑर्लीनाकडे पाहिलं, आणि ऑर्लीनाने खाली.

बाईमाणूस आहे म्हणून डांबर नको, असं कर्नल म्हणाले. मोठ्या मनाचे होते ते. बाईंना एका गळक्या होडीत बसवलं, वल्ही काढून घेतली, आणि चौघांनी मिळून ती होडी धारेत ढकलली. त्या चौघांत बाबा होते. कर्नल त्यांच्याकडेच बघत होते म्हणून होते, की मनापासून होते, हे ऑर्लीनाला कळलं नाही. तिला कळून घ्यायचंही नव्हतं.

होडी गरागरा फिरली. बाई दोन्ही हातांनी काठ धरून बसल्या होत्या. बॉनेट मागे पडलं होतं, केस सुटले होते. आणि मग, नदीच्या मधोमध, त्यांनी मान वर करून किनाऱ्यावरच्या त्या तांबड्या जनावराकडे बघत आपल्या गावच्या आवाजात, लपवलेला सगळा घसा मोकळा करून हाक मारली.

"ग्याय! ग्याय! ग्याऽऽय!"

काही माणसं हसली. काही हसली नाहीत. वळणावर ओंडक्यांच्या गर्दीत होडी दिसेनाशी झाली, तरी हाक थोडा वेळ येत होती. रूबीने कान टवकारले होते.

टेम्पीला मांस धुरवायच्या खोलीत कोंडलं. ऑर्लीना दाराच्या फटीशी जाऊन बसली. आत हालचाल नव्हती.

"टेम्पी."

मग आतून आवाज आला. "बाई बुडाल्या का?"

"माहीत नाही."

"बाई म्हणायच्या, तिकडे गेल्यावर मला हवी ती भाषा बोल. कुणी विचारणार नाही." मग ती म्हणाली, "मिस ऑर्लीना, मला पाणी आणून द्याल?"

ती पुन्हा तुम्ही म्हणाली. तो तुम्ही ऑर्लीनाला घाटावरच्या सगळ्यापेक्षा जास्त लागला. पाणी आणताना तिने अख्खी बादली सांडली.

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबा आज्ञाधारकपणावर बोलले. लोकांनी बाबांचा हात हातात घेऊन हलवला; मॅल्व्हिनाचे वडील त्यांना "आपला माणूस" म्हणाले. मॅल्व्हिना जवळ येऊन पुटपुटली, "मला वाटलं नव्हतं गं, असं करतील म्हणून. शप्पथ." ऑर्लीनाने हिरवी रिबन तिच्या हातात कोंबली आणि पुढे गेली.

जेवायला खारं डुकराचं मांस होतं, मक्याची भाकरी आणि काकवी. वाढायला टेम्पी नव्हती, म्हणून आई स्वतः वाढत होती आणि तिला काहीच सापडत नव्हतं. माडीवरची खोली रिकामी होती. बाबा ताटात बघून जेवत होते.

"उद्या बोट सकाळीच लागेल," ते म्हणाले. "मुलीला नीट कपडे घाल, परमीलिया. व्यापारी चांगला माणूस आहे."

"चांगलं घर बघेल ना?" आई म्हणाली.

ऑर्लीनाने भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"बाबा, उद्या बोटीपाशी कर्नल असतील?"

"असतील. सगळेच असतील. का?"

"मीपण येणार आहे."

"काही गरज नाही. रडारड होईल."

"मी रडणार नाही." ती उठून उभी राहिली. मेळ्यात उभी राहिली होती तशी नाही. आवाज कुठून येतोय हे तिचं तिलाच कळत नव्हतं. "बाबा, मी ठरवलंय. आई, तूही ऐक. टेम्पीने बोटीच्या फळीवर पाय ठेवला, की मी रूबीपाशी जाऊन उभी राहणार. कर्नलांना सांगणार, मला विचारा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगणार, सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्याने."

"काय सांगणार?" आईचा आवाज एकदम बारीक झाला.

"ग्याय."

बाबांचा चेहरा असा झाला, जणू कुणी खिडकीतून नदी आत सोडलीय. प्रुइटचं दुकान आठवलं असावं. पिंपं वाहून गेलेली. कर्नलांचा घोड्यावर बसतानाचा तो एक शब्द आठवला असावा.

"तू शुद्धीवर आहेस का?" ते म्हणाले. "लेकरा, ते आपलं घर जाळतील. तुला ठाऊक आहे ना, ते घर जाळतील?"

"ठाऊक आहे. तुम्हीच तर त्यांच्यात असता."

"बरेल, हिला कोंडा," आई म्हणाली. "उद्यापुरतं कोंडा हिला."

"कोंडा. खोलीतून ओरडेन. घाट जवळ आहे, ऐकू जातं. आणि परवा पुन्हा. आणि शाळा उघडली की शाळेत. किती दिवस कोंडाल?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. "टेम्पी घरी राहिली तर मी गाय म्हणेन. जन्मभर म्हणेन. ती पलीकडे गेली तरी म्हणेन. पण ती खाली गेली, तर मला दुसरा शब्द येतच नाही. मी काल रात्रभर घोकलाय. ऐका, बाबा. मला आता बाईंपेक्षा चांगला येतो."